टीएलए प्लस: काही महिने रोजच्या कामात वापरल्यावर

आमचं ऑफिस नवी मुंबईत महापेला, काम ऑर्डर सिस्टिमचं. ऑर्डर, स्टॉक, पेमेंट असे वेगवेगळे कंपोनंट, प्रत्येकाची टीम वेगळी. सगळ्यांच्या टेस्ट पास, आणि तरी प्रॉडक्शनला (खऱ्या ग्राहकांच्या सिस्टिमवर) अधूनमधून पैसे कापले जायचे आणि माल दुसऱ्यालाच गेलेला असायचा. लॉग चाळून चाळून वैताग आला म्हणून पावसाळ्याआधी टीएलए प्लस हातात घेतलं, आता दिवाळी झाली.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही सिस्टिम कशी वागावी ते मांडायची भाषा, लेस्ली लॅम्पोर्टची, ज्याला २०१३ चं ट्युरिंग अवॉर्ड (कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार) मिळालं तोच. इथे कोड नाही लिहायचा, सिस्टिमची स्टेट (त्या क्षणाची स्थिती) काय आणि तिथून पुढे कुठे कुठे जाता येतं एवढंच सेट आणि लॉजिकमध्ये मांडायचं, मग टीएलसी नावाचा मॉडेल चेकर घटना शक्य त्या सगळ्या क्रमांनी घडवून बघतो. टेस्ट आपल्याला सुचतील तेवढ्याच असतात, हा न सुचलेले क्रमही सोडत नाही.

आमचा नियम एका ओळीचा होता, ऑर्डर कन्फर्म असेल तर तिच्या नावावर माल राखलेला असलाच पाहिजे. टीएलसीने काही सेकंदांत तो मोडून दाखवला: माल राखला, पेमेंटची रिक्वेस्ट गेली, उत्तराला उशीर झाला, टायमर संपला, स्टॉकने माल सोडला, तोच नग दुसऱ्या ऑर्डरने उचलला आणि मग पहिलीचं ‘पेमेंट यशस्वी’ आलं. तिन्ही कंपोनंट आपापल्या जागी बरोबर! ती यादी बोर्डवर लिहिली आणि कितीतरी दिवसांचा वाद तिथेच मिटला, कारण कोणाकडे बोट दाखवायचा प्रश्नच उरला नाही. आता उशिरा पेमेंट आलं की ऑर्डर आधी स्टॉकला परत विचारते, माल नसेल तर रिफंड. ॲमेझॉनवाले २०११ पासून हे वापरतात, डायनॅमोडीबी या त्यांच्याच डेटाबेसमध्ये सापडलेला एक बग ३५ पायऱ्यांनंतर दिसत होता. एवढं लांब कुठला माणूस डोक्यात धरणार?

त्रास पण आहे. ऑर्डर दोन-तीन धरल्या तर मस्त चालतं, चौथी घातली आणि वर रीट्राय (फसलेली रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं) ठेवले की स्टेट इतक्या वाढतात की लॅपटॉप रात्रभर घरघरतो. सिमेट्री लावून, म्हणजे नुसती नावं बदललेल्या सारख्या स्टेट एकच धरून, कमी होतात, पण ‘रिफंड कधीतरी मिळेलच’ अशी लाइव्हनेसची, म्हणजे शेवटी घडायलाच हवी अशी, गोष्ट तपासायची तर सिमेट्रीवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे फेअरनेसही, म्हणजे शक्य असलेली पायरी कायमची टाळली जाणार नाही हे, सांगावी लागते, नाहीतर सिस्टिम मधेच नुसती थांबून राहिली हेच उत्तर येतं. लिहिलेलं वाचणाऱ्या पार्सरचे एरर मेसेज तर अगदीच त्रोटक. आणि स्पेक (टीएलए प्लसमधलं सिस्टिमचं वर्णन) पास झाला म्हणजे कोड बरोबर असं नाही, दोन्ही आपणच जुळवत राहायचे, आम्ही रिव्ह्यूमध्येच स्पेक बदलला का ते विचारतो.

अजून एक, प्रत्येक कंपोनंट वेगळा बंद करून मांडायची पेटी इथे तयार मिळत नाही, सगळी सिस्टिम मिळून एकच फॉर्म्युला लिहिणं सोपं पडतं. दोन कंपोनंटचे इंटरफेस जुळतात का एवढाच प्रश्न असेल तर डी अल्फारो आणि हेन्झिंगर यांचे २००१ चे इंटरफेस ऑटोमाटा (कंपोनंट कुठला मेसेज कधी घेतो-देतो ते मांडायची पद्धत) बघा. त्यात विचारतात की हे दोघं नीट चालतील असं एक तरी वातावरण (भोवतालची बाकी सिस्टिम) आहे का, आणि ते मला फार पटलं.

टूल फुकट, व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन चांगलं, लॅम्पोर्टचे व्हिडिओही फुकट, मी ठाणे ते घणसोली लोकलमध्ये बघितले. नुसते फॉर्म भरून डेटाबेसमध्ये टाकायचं काम असेल तर यात पडू नका. पण टायमर, रीट्राय आणि दोनपेक्षा जास्त टीम असतील तर नक्की घ्या, आणि कोडिंगची सवय असेल तर सुरुवात प्लसकॅलने (कोडसारखं लिहायचं, त्याचं टीएलए प्लस होतं) करा.