डार्लिंग डेलियाज: काही महिने अलाबामातल्या गार्डन क्लबात काढल्यावर

आधीच सांगते, खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत कळू नये आणि कळल्यावर डोकं गरगरावं अशी अपेक्षा असेल तर ही रहस्यकथांची सिरीज घेऊ नका, पैसे फुकट जातील. मी सुझन विटिग अल्बर्टची डार्लिंग डेलियाज पावसाळ्याच्या तोंडावर चालू केली, आता थंडी सरत आली तरी चालूच आहे, मध्ये कंटाळून बाजूला ठेवली आणि परत उचलली, त्यामुळे सुरुवातीचं कौतुक ओसरून गेल्यानंतरचं हे मत आहे.

गावाचं नाव डार्लिंग, काल्पनिक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं अलाबामा राज्य, मोबाइल बंदराच्या वरच्या अंगाला (शहराचं नावच मोबाइल आहे, 1930 मध्ये मोबाइल कुठून आला म्हणून दचकू नका). शेअर बाजार कोसळून वर्षसुद्धा झालेलं नाही, गावात कोर्टकचेरी, एक बँक, एक पेपर, एक डायनर (छोटी खानावळ) आणि भरपूर मॅग्नोलिया. मिसेस डेलिया ब्लॅकस्टोन नावाची म्हातारी मरताना आपलं घर आणि मागची रान माजलेली बाग गावच्या बायकांच्या गार्डन क्लबला देऊन जाते, म्हणून क्लबचं नाव डेलियाज. ह्याच बायका तण उपटता उपटता गावातले खून, चोऱ्या, गायब झालेले पैसे वगैरे उकलतात. पहिलं पुस्तक 2010 चं, द डार्लिंग डेलियाज अँड द ककंबर ट्री.

आता ह्या बायका हे उकलतात कसे, तर ते मला सगळ्यात पटलं. त्यांच्यात कुणी शेरलॉक नाही. लिझी लेसी ही क्लबची प्रेसिडेंट, ती वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी, त्यामुळे गावातली मृत्युपत्रं आणि भांडणं तिच्या टाइपरायटरखालून जातात. व्हर्ना टिडवेल कोर्टाच्या इमारतीत प्रोबेट खात्यात, म्हणजे कुणाची जमीन कुणाच्या नावावर झाली हे तिला घरातल्यांच्या आधी कळतं. ओफीलिया स्नोचा नवरा मेयर आहे. ब्यूलाचं ब्यूटी पार्लर आहे, केस धुताना बायका काय काय बोलतात ते सांगायला नको. आणि मायरा मे आणि व्हायोलेट ह्या दोघींचा डायनर, ज्याच्या मागच्या खोलीतच गावचं टेलिफोन एक्सचेंज! म्हणजे पुढे कॉफी आणि पाय (pie, सारण भरून भाजलेला तिकडचा पदार्थ), मागे हेडफोन लावून बसलेली पोरगी सगळ्या गावाचे कॉल जोडतेय आणि ऐकतेय पण. त्यात पार्टी लाइन, एका तारेवर चार-पाच घरं, शेजारणीने रिसीव्हर हळूच उचलला की काम झालं. आपल्याकडे भिशीला बसलेल्या बायकांनी मनावर घेतलं तर पोलिसांच्या आधी आरोपी सापडेल असं मी नेहमी म्हणते, इथे नेमकं तेच होतं. शेरीफ बिचारा शेवटी येतो.

पहिलं पुस्तक मात्र चिकाटीने काढावं लागतं. नावंच इतकी आहेत की सुरुवातीची काही प्रकरणं लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाकडच्या मंडळींची ओळख करून दिल्यासारखी जातात. सुरुवातीला क्लबच्या मेंबरांची यादी दिली आहे, ती वहीत उतरवून घ्या, किंडलवर मागे-पुढे करत बसलात तर वैताग येतो. क्लबच्या बायकांनी वाचकाला लिहिलेलं एक पत्रही असतं, ते गोड आहे, वगळू नका. ह्या पहिल्या पुस्तकात ड्रगस्टोअरमध्ये सौंदर्यप्रसाधनं विकणारी एक पोरगी मेलेली सापडते, तुरुंगातून कैदी पळालेला असतो, बँकेचं काहीतरी शिजत असतं आणि क्लबच्या नव्या बागेत रात्री कुणीतरी खणतंय, ते भूत आहे की माणूस हा वेगळाच प्रश्न. एवढं सगळं एका पुस्तकात कशाला कोंबलंय असं वाटतं, पण लेखिकेला गाव उभं करायचं होतं हे दोन-तीन पुस्तकांनंतर लक्षात येतं.

बागेबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे कारण मी मुळात त्यासाठीच हे घेतलं. प्रत्येक पुस्तकाच्या नावात एक झाड आणि ते झाड कथेत खरंच वापरलेलं. ककंबर ट्री म्हणजे काकडीचा वेल नव्हे, मोठा वृक्ष आहे, मॅग्नोलिया अक्युमिनाटा, कच्ची फळं काकडीसारखी दिसतात म्हणून हे नाव. आपला सोनचाफासुद्धा शास्त्रीय वर्गीकरणात मॅग्नोलियाच, म्हणजे ककंबर ट्री हा चाफ्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ झाला! दुसऱ्या पुस्तकातली नेकेड लेडीज ही लायकोरिस जातीची लिली. वसंतात पानं येतात, उन्हाळ्यात वाळून नाहीशी होतात आणि मग एक दिवस नुसत्या दांड्यावर गुलाबी फूल, पान एकही नाही. आपल्याकडचा भुईचाफा ज्यांनी लावलाय त्यांना हे चित्र लगेच दिसेल, तोही पानांच्या आधी फुलून मोकळा होतो. तिसऱ्यातली कॉन्फेडरेट रोझ गुलाब नाहीच, जास्वंदाच्या कुळातली, सकाळी पांढरी आणि संध्याकाळपर्यंत गडद गुलाबी होणारी, मूळची चीनची. तिथल्या लोकांनी तिला अमेरिकन यादवी युद्धात हरलेल्या आपल्या बाजूचं, कॉन्फेडरेट हे नाव देऊन टाकलंय, ह्यावरच खरं तर एक पुस्तक होईल. सहाव्यातली इलेव्हन ओक्लॉक लेडी तर मला फार आवडली, पांढरी चांदणीसारखी फुलं, ऊन वर आल्यावर अकराच्या सुमाराला उघडतात. आपण पोर्टुलाकाला ऑफिस टाइम म्हणतो तसलाच हिशोब. फक्त हिचा कंद विषारी असतो, हे मी वेगळं वाचून काढलं.

लिझी गावच्या पेपरात बागेचं सदर लिहिते, त्यातले तुकडे येत राहतात. ते वाचून आपल्या गच्चीत काही करायला जाल तर उपयोग नाही. तिकडे हिवाळ्यात अधूनमधून पाणी गोठतं आणि त्यांची सगळी कॅलेंडर शेवटचं दव कधी गोठतं त्यावर बांधलेली, आपला हिशोब पावसावर. कमेलिया आणि अझेलिया बघून हावरट होऊन मागवू पण नका, आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात अझेलियाने मान टाकली.

पण ह्या सिरीजमधली खरी खोल गोष्ट पैसा आहे, आणि हे कव्हर बघून अजिबात कळत नाही. कव्हरवर फुलं आणि हॅट असते, आत मंदी असते. बायका जुन्या साड्यांच्या, सॉरी, जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, पिठाच्या पोत्याचे फ्रॉक करतात, उधारी, घर जप्तीला येणं, नवरा बेकार, सगळं साध्या बोलण्यात येतं. लिझीची आई रस्त्यापलीकडेच राहते आणि लेकीच्या आयुष्यात नाक खुपसते, तिचं शेअर बाजाराचं प्रकरण वाचताना हसू पण येतं आणि पोटात गोळा पण.

पाचवं पुस्तक, सिल्व्हर डॉलर बुश, ह्या बाबतीत सगळ्यात चांगलं. साल 1933. नवा अध्यक्ष रूझवेल्टने 4 मार्चला शपथ घेतली आणि 6 मार्चला देशभरातल्या बँका बंद केल्या, हा खरा इतिहास आहे, लोकांच्या खात्यात पैसे आहेत पण हातात काही नाही. तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच गावांनी स्वतःची कागदी स्क्रिप, म्हणजे नोटेऐवजी चालणारी चिठ्ठी, छापून त्यावर व्यवहार चालवले. डार्लिंगमध्येपण पेपरच्या छापखान्यात डार्लिंग डॉलर छापायचं ठरतं आणि तिथून भानगड सुरू होते. 8 नोव्हेंबर 2016 नंतरचे आपले ते दिवस ज्यांना आठवतात, एटीएमची रांग, किराणावाल्याची वही, लग्नघरातली धावपळ, त्यांना हे पुस्तक भराभर वाचून होईल. किराणावाला कुणाचा कागद घेतो आणि कुणाचा नाही, ह्यावरून गावात कुणाची किती पत आहे ते उघडं पडतं, लेखिकेने हे फार मस्त पकडलंय, इथे खुनाची गरजच नव्हती.

सहाव्यात 1934 आलंय आणि गावाजवळ सीसीसीचा (सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर) कॅम्प. ही रूझवेल्टच्या काळातली योजना, बेकार तरुणांना जंगलाच्या, रस्त्याच्या कामाला लावायचं, महिना 30 डॉलर पगार आणि त्यातले साधारण 25 थेट घरी पाठवायचे. एवढी तरणी पोरं गावाशेजारी येऊन राहिली की गावात काय होतं ते तुम्हाला माहितीये. आणि ह्यात जिचा खून होतो ती एक्सचेंजवरचीच मुलगी, सगळ्यांचे फोन ऐकणारी. खून म्हणून बघितला तर पूर्ण सिरीजमध्ये मला हाच नीट बांधलेला वाटला, कारण संशय सगळ्या गावावर जातो आणि कारण पण पटतं.

आता जे खुपलं ते. 1930 चं अलाबामा म्हणजे काय होतं हे काही लपलेलं नाही. मार्च 1931 मध्ये त्याच राज्यात मालगाडीतून चाललेल्या नऊ काळ्या मुलांना बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली धरलं, सगळ्यात लहान 13 वर्षांचा, स्कॉट्सबरोला दोन-अडीच आठवड्यांत खटले उरकून आठ जणांना देहदंड सुनावला. पुढे 1932 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो आरोपीला धड वकील तरी द्या. आणि आपली लिझी काम करते वकिलाकडेच! लेखिकेने सुरुवातीच्या टिपणात सांगितलंय की त्या काळचे अपमानास्पद शब्द तिने तसेच ठेवलेत, नाहीतर काळ खोटा वाटला असता. ते मान्य. पण शब्द ठेवले आणि माणसं कडेला राहिली. डायनरची स्वयंपाकीण युफोरिया, तिच्या हातच्या चिकनचं आणि पायचं सगळं गाव कौतुक करतं, ती गावातल्या काळ्या वस्तीत कशी राहते, तिच्याकडे मंदी कशी आली, हे मी वाचलेल्या भागांत अगदी ओझरतं येतं. क्लब तर पूर्ण गोऱ्या बायकांचाच.

आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, की ह्या बायका भाजीच्या वाफ्यात लावतात ती भेंडी आणि चवळी. दोन्ही आफ्रिकेतून आलेल्या, गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत पोचलेल्या. सबंध दक्षिणेचा स्वयंपाक त्यावर उभा आहे. बागेबद्दल इतकं प्रेमाने लिहिणाऱ्या बाईला हे माहीत नसणार असं नाही, तिच्या नायिकांना मात्र कुणी विचारत नाही की हे बी तुमच्याकडे आलं कुठून. कोझी मिस्टरीत (रक्तपात न दाखवणाऱ्या घरगुती रहस्यकथेत) एवढं कशाला शोधता असं माझ्या मैत्रिणीने म्हटलं. पण 1933 ची बँक इतकी बारकाईने दाखवता येते तर हेही येतं, माझं म्हणणं एवढंच.

बाकी किरकोळ तक्रारी. प्रत्येक पुस्तकात प्रत्येक बाईची ओळख नव्याने, ओळीने वाचायला घेतलं की ते फार होतं, मध्ये दुसरं काहीतरी वाचा. शेवट बहुतेकदा कुणीतरी भडाभडा कबुली देऊन होतो. लिझीच्या प्रेमप्रकरणाचं काय करायचं हे लेखिकेचं ठरलेलं नाही असं मला तरी वाटतं. दुसऱ्या पुस्तकात शिकागोचे गुंड आणि तिथला खराखुरा टोळीप्रमुख अल कपोन ह्याची सावली आणलीय, ती ह्या गावाला जरा मोठ्या मापाची होते, शिकागोवरून येऊन गुंड डार्लिंगमध्ये पाय खातोय हे पटायला वेळ लागतो.

शेवटी पाककृती असतात, मंदीच्या काळातल्या, कमी सामानात होणाऱ्या. मी त्या वाचून उत्साहाने कॉर्नब्रेड केला, मक्याचं पीठ आणि ताक, बिडाच्या तव्यात. आपल्याकडचं मक्याचं पीठ फार बारीक येतं, त्याने गच्च होतो, जाडसर दळून आणा. साखर घालायची की नाही ह्यावर तिकडे दक्षिणेत भांडणं होतात, जुने लोक म्हणतात साखर घातली तर तो केक झाला. मी नाही घातली, घरात कुणी खाल्ला नाही, मिरचीच्या ठेच्याबरोबर मात्र मला आवडला.

लेखिकेबद्दल एवढंच की ही बाई आधी विद्यापीठात इंग्रजीची प्राध्यापक, मोठ्या पदावर, ते सोडून लेखनात उतरली, नवऱ्याबरोबर टोपणनावाने नॅन्सी ड्र्यू ह्या डिटेक्टिव्ह पोरीची पुस्तकं पण लिहिली आहेत. लिहिण्यात तो सराईतपणा दिसतो, प्रकरण कुठे तोडायचं हे बरोबर कळतं, झोप मोडते. पहिली सहा पुस्तकं मोठ्या प्रकाशनाची, सातव्यापासून तिने स्वतःच काढायला सुरुवात केली.

कुणी घ्यावं? ज्यांना जुन्या गावांचं, पैशाच्या चणचणीचं, बायकांच्या आपसातल्या राजकारणाचं वाचायला आवडतं त्यांनी. रक्त, पाठलाग, मानसशास्त्र वगैरे पाहिजे असेल त्यांनी नाही. इंग्रजी सोपं आहे, फक्त बोलीतले तुकडे आले की मनात मोठ्याने वाचायचे, लागतात. पहिलं जड वाटलं तर सरळ पाचवं घ्या, आवडलं तर मागे या, फारसं काही बिघडत नाही, फक्त काही जोड्यांचं काय झालं ते आधीच कळेल.

मी आता सातव्यावर आहे. गावात गाण्याचा चौकडी ग्रुप आहे, त्यातला एक पान उलटतंय न उलटतंय तोवर अडचणीत आलाय, ते चालायचंच, पण इकडे टेलिफोन एक्सचेंजच बिघडलंय आणि दुरुस्तीला गावाकडे दमडी नाही. आता ह्या बायका बातम्या काढणार कशा, हे बघायला रात्री परत उघडणार.