ओपीएनसेन्स सर्व्हरवर टाकताना व्हीजीए इमेज घ्यायची की सिरियल? (इन्स्टॉल मधेच अडकलाय त्यांच्यासाठी)

ओपीएनसेन्स म्हणजे फ्रीबीएसडीवर चालणारं फायरवॉल सॉफ्टवेअर, त्याच्या चार इमेज (इन्स्टॉल करायच्या फाइली) मिळतात. नॅनो सोडून द्या, डीव्हीडीवाली रिमोट कन्सोलवरून आयएसओ माउंट करणाऱ्यांच्या कामाची. पेनड्राइव्ह घेऊन सर्व्हरपुढे उभं राहिलात की प्रश्न उरतो तो व्हीजीए (मॉनिटरवर बोलणारी) की सिरियल (सिरियल पोर्टातून मजकूर पाठवणारी), आणि घरचा मिनी पीसी असेल तर तोही उरत नाही, व्हीजीए घ्या आणि मोकळे व्हा. मी बोलतोय ते रॅक सर्व्हरबद्दल, त्यातून सेकंडहँड.

एका क्लासच्या कॉम्प्युटर लॅबसाठी जुना १यू (रॅकमधल्या एका खणाच्या उंचीचा) सर्व्हर घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही. साहजिकच आधी व्हीजीए इमेज टाकली. बूट मेनू आला, कर्नल (सिस्टिमचा गाभा) लोड झाला, ईएफआय फ्रेमबफरच्या चारपाच ओळी आल्या आणि शेवटच्या त्या 'मास्क'वाल्या ओळीवर स्क्रीन थिजली ती थिजलीच. मग नेहमीचे उपचार सुरू, पेनड्राइव्ह बदलला, यूएसबी पोर्ट बदलला, इमेज परत उतरवून चेकसम जुळवला, रॅमची एक काडीसुद्धा काढून बघितली आणि तोवर पंख्यांच्या आवाजाने डोकं उठलेलं. शेवटी वैतागून लॅपटॉप नेटवर्क केबलने सर्व्हरला जोडला तर लॅपटॉपला १९२.१६८.१ वाला आयपी मिळाला! म्हणजे बाईसाहेब केव्हाच उठून बसल्या होत्या, फक्त मॉनिटरवर बोलत नव्हत्या.

कारण नंतर कळलं. सर्व्हरच्या बायॉसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन (स्क्रीनवरचा मजकूर सिरियल पोर्टाकडे वळवणं) चालू असलं की फ्रीबीएसडीचा लोडर (कर्नल चढवणारा छोटा प्रोग्राम) फर्मवेअरचं बघून मुख्य कन्सोल सिरियलवर नेऊ शकतो, मग पुढचं सगळं मागच्या त्या नऊ पिनांच्या पोर्टातून बाहेर पडतं. बायॉसमध्ये ते बंद करा, नाहीतर बूट मेनूत ५ दाबून कन्सोल व्हिडिओवर आणा. बऱ्याच जणांचं काम इथेच होईल आणि पुढचं वाचायची गरजही नाही.

पण माझं मन व्हीजीएवरून उडालं ते इथेच. अडकलेली स्क्रीन आणि अडकलेलं मशीन यातला फरक ती सांगत नाही, दोन्हीकडे तीच ओळ आणि तीच शांतता. खरंच हँग असेल तरी तुम्ही रॅम काढणार आणि नसेल तरी रॅमच काढणार.

पुढच्या सर्व्हरला सिरियल इमेज घेतली. लॅपटॉपवर पुटी (सिरियलवरचा मजकूर दाखवणारा प्रोग्राम), स्पीड ११५२००, लॉग फाइल चालू. हाही अडकला, पण यावेळी कर्नल काय काय करतोय ते ओळीने दिसत होतं आणि तो 'रूट माउंट वेटिंग फॉर यूएसबस' म्हणत थांबला, मग थेट माउंटरूटचा प्रॉम्प्ट (सिस्टिम कुठल्या डिस्कवर आहे ते विचारणारा). म्हणजे पेनड्राइव्ह उशिरा जागा होतोय. मेनूत ३ दाबून लोडर प्रॉम्प्टवर गेलो, 'सेट कर्न.कॅम.बूट_डिले=१००००' (इंग्रजीत set kern.cam.boot_delay=10000) आणि 'बूट' (boot), दहा सेकंद थांब रे बाबा एवढंच सांगायचं होतं. पाच मिनिटांत सुटलं. हेच व्हीजीएवरही दिसलं असतं म्हणा, स्क्रीन चालू राहिली असती तर.

आता सिरियलचे चटकेही सांगतो, नाहीतर मीच विकतोय असं वाटेल. नल मोडेम केबल (दोन मशीनचे सिरियल पोर्ट थेट जोडणारी) आणि यूएसबी टू सिरियल अडॅप्टर लागतो, तो ऐनवेळी कधीच सापडत नाही. स्पीड चुकला की पुटीत नुसता कचरा येतो. काही सर्व्हरांत रिमोटचं सिरियल ओव्हर लॅन (नेटवर्कवरून मिळणारा सिरियल कन्सोल) दुसऱ्या कॉम पोर्टवर असतं आणि सिस्टिम पहिल्यावर बोलत असते, मग परत तीच शांतता. आणि सगळ्यात गंमत म्हणजे सिरियल इमेज लावून मॉनिटरकडे बघत बसलात तर तिथे कर्नलचे मेसेज येतच नाहीत, बऱ्याच वेळाने एकदम लॉगिन येतं, आणि तोपर्यंत माणूस पॉवर बटण दाबून मोकळा झालेला असतो. मी स्वतः एकदा दाबलंय.

तेव्हा केबल नसेल, एकदाच टाकायचं असेल आणि सर्व्हरपाशी मॉनिटर असेल तर व्हीजीएच बरी, फक्त कन्सोल रीडायरेक्शन आधी बघा. पण सर्व्हर जिन्याखाली किंवा कपाटात जाणार असेल तर मला तरी सिरियल जास्त भरवशाची वाटते, पुढे अपडेटनंतर कधी बूट अडला तरी तीच केबल कामी येते. कन्सोल कुठला मुख्य, कुठला दुय्यम हे नंतर सेटिंगमधून बदलता येतं, त्यामुळे निवड काही जन्माची नाही.

डिस्क निवडताना अडलात तर तो वेगळा विषय, तिथे बहुतेक रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) घोळ असतो आणि इमेज बदलून काही होत नाही.

आणि हो, त्या पहिल्या सर्व्हरचं काय झालं, तर इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लाइव्ह सिस्टिममध्ये एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) चालू असतं. १९२.१६८.१.१ ला 'इन्स्टॉलर' नावाने शिरलो, पासवर्ड 'ओपीएनसेन्स', दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत, आणि लॅपटॉपवरूनच सगळा इन्स्टॉल उरकला. मॉनिटरवर रीबूट होईपर्यंत ती मास्कवाली ओळच होती.