जहांगीरमधली माणसे: स्टुलावर बसून काढलेला एक आठवडा

काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी कशी आहे, हे चित्रे पाहून आलेल्या माणसाला विचारले तर तो चित्रांविषयी बोलेल, भिंतींविषयी बोलेल आणि थोडा वयस्क असेल तर १९६४ साली सुरू होऊन २०१५ साली बंद झालेल्या तिथल्या सामोवार उपाहारगृहाच्या आठवणी काढेल. मी लिहिणार आहे ते तिथे काम करणाऱ्या माणसांविषयी. माझी मोठी बहीण आणि तिच्या चार मैत्रिणी यांच्या समूह प्रदर्शनात हिशेबाची वही, किमतींची यादी आणि अभिप्रायवही सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले होते, आणि मंगळवारपासून पुढच्या सोमवारपर्यंतचे सातही दिवस, सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत, मी दाराशेजारच्या एका स्टुलावर बसून काढले. मी चित्रकार नाही. त्यामुळे दोन दिवसांत माझी चित्रे पाहून झाली आणि उरलेले पाच दिवस माणसे पाहण्यात गेले.

ही वास्तू १९५२ सालची. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली आणि त्यामागे चित्रकार के. के. हेब्बर व होमी भाभा यांचा आग्रह होता. याच घराण्याचे नाव असलेला दुसरा हॉल रस्त्यापलीकडे आहे. तिथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय चालते. जहांगीरमध्ये प्रवेशाला तिकीट नाही, ही या जागेची सर्वांत मोठी गोष्ट आहे असे मी मानते, आणि तिकीट नसण्याचा सगळा भार दारावरच्या माणसांवर पडतो हे मला तिथे बसल्यावर कळले. तिकीट असले की आत कोणी यायचे ते खिडकीवरच ठरून जाते. ते नसले की पावसापासून आडोसा शोधणारा, शेजारच्या संग्रहालयातून पाय दुखून बाहेर पडलेले कुटुंब, परीक्षेच्या वहीत रेखाटने उतरवून घेणारी कलामहाविद्यालयाची मुले आणि लाखाचे चित्र विकत घेण्याची ऐपत असलेला गृहस्थ, हे सगळे एकाच दारातून एकापाठोपाठ येतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाशी कसे वागायचे हे दारावरच्या पहारेकऱ्याला क्षणात ठरवावे लागते.

मात्र पहारेकऱ्यांच्या आधी चित्रे टांगणाऱ्यांविषयी लिहिले पाहिजे, कारण आमचा आठवडा त्यांच्यापासून सुरू झाला. अनेक चित्रकार हे लोक आपापल्या ओळखीने रोजावर बोलावतात, तसेच आम्हीही बोलावले होते. दोघे आले. त्यांतल्या साठीला टेकलेल्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत होते, म्हणून आम्हीही मामा म्हणू लागलो. त्यांनी पहिला तासभर शिडीला हातही लावला नाही. अडतीस चित्रे भिंतीच्या पायथ्याशी ओळीने टेकवून ठेवली, आणि पाचही जणींना सांगितले की आधी क्रम ठरवा, कारण एकदा खिळा ठोकल्यावर ‘हे जरा तिकडे’ म्हणाल तर भिंतीला भोक पडते आणि माझ्या कमरेला कळ लागते. पाच चित्रकर्त्यांचा क्रम ठरणे म्हणजे पाच जावांनी एका स्वयंपाकघरात दिवाळीचा फराळ करणे. मामा एका कोपऱ्यात बसून शांतपणे तंबाखू मळत राहिले आणि आवाज चढले की फक्त एवढेच म्हणाले, ‘मोठं चित्र दाराच्या समोर, लहान दाराच्या बाजूला, बाकी तुम्ही ठरवा.’ क्रम पाच मिनिटांत ठरला.

त्यांच्या कामाची पद्धत जवळून पाहण्यासारखी होती. लहानमोठी चित्रे एका ओळीत लावायची तर नवशिके लोक वरच्या कडा एका रेषेत आणतात. मामा चित्रांचे मध्य एका रेषेत आणत होते. जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास, त्यांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला. मग प्रत्येक चित्राची उंची मोजून तिचे निम्मे करायचे, मागची तार बोटाने वर ओढून ती वरच्या कडेपासून किती खाली राहते ते पाहायचे, तेवढे निम्म्यातून वजा करायचे आणि दोऱ्याच्या वर तितक्या अंतरावर पेन्सिलीची खूण करायची. हा सगळा हिशेब ते तोंडी करत होते. तार पुरेशी ताणलेली आहे की नाही हे ते ती तंबोऱ्यासारखी छेडून आवाजावरून ठरवत. सातव्या की आठव्या चित्राची तार छेडल्यावर त्यांनी ते चित्र बाजूला उलटे ठेवले. आमच्या गावच्या ज्या दुकानात फ्रेमा केल्या होत्या, तिथे मागचे डोळे, म्हणजे तार अडकवायच्या कड्या, नुसत्या दोन चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, बसवलेले होते, स्क्रू नव्हते. तपासल्यावर तशा अकरा फ्रेमा निघाल्या. काचेसकट सहा-सात किलो वजनाचे चित्र त्या चुकांवर सात दिवस टिकले असते की नाही, याचा विचार मी आता करत नाही. मामांच्या डब्यात स्क्रू होते. ते लावून झाल्यावर त्यांनी अकरा स्क्रू-जोड्यांचे पैसे वेगळे मागितले, ते मी वहीत लिहिले, आणि तो त्या आठवड्यातला सर्वांत योग्य खर्च होता.

फ्रेमेवरून एक अवांतर गोष्ट आठवते. याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ साली जी केमोल्ड गॅलरी सुरू झाली आणि जिच्यामुळे मुंबईच्या कितीतरी आधुनिक चित्रकारांना पहिला आसरा मिळाला, तिचे केकू गांधी हे मुळात फ्रेमांच्या धंद्यातले. चित्रकार फ्रेम करायला येत, चित्रे दुकानातच लावली जात आणि त्यातून गॅलरीची वाट निघाली. चित्राची पाठ पाहणाऱ्या माणसाला चित्राविषयी बरेच काही कळते, हे मामांकडे पाहून मला पटले.

उजेडाचे काम दुसऱ्याने केले, जो मामांचा भाचा होता आणि जेमतेम विशीचा होता. काचेच्या चित्रावर दिवा सरळ मारला तर पाहणाऱ्याला चित्राऐवजी दिवा दिसतो, म्हणून तो दिव्यांची तोंडे तिरकी करून प्रत्येक वेळी खाली उतरत होता आणि स्वतः चित्रासमोर उभा राहून पाहत होता. इतकेच नव्हे तर गुडघ्यांत वाकून, कमी उंचीच्या माणसाला काय दिसेल तेही पाहत होता. ताईची जलरंगातली चित्रे होती. संग्रहालयांत जलरंगांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण रंग उडतात. सात दिवसांच्या प्रदर्शनाला तो नियम कोणी लावत नाही, तरीही त्या मुलाने ताईला ‘कागदावरचं काम आहे का?’ असे विचारले आणि तिच्या भिंतीवरचा एक दिवा स्वतःहून मागे घेतला.

आता पहारेकरी. दुपारच्या पाळीचे जे गृहस्थ होते त्यांचे मुख्य काम चित्रांना हात लावू न देणे हे आहे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात दिवसातून दहा-बारा वेळाच त्यांना तसे सांगावे लागे, आणि तेही ते ओरडून सांगत नसत. हात पुढे करणाऱ्या मुलाच्या आणि चित्राच्या मधे सहज येऊन उभे राहत. त्यांचे खरे काम उंबरठ्यावर होते. बुधवारी दुपारी पाठीवर जेवणाच्या डब्यांची मोठी चौकोनी पिशवी घेतलेला एक मुलगा दाराशी येऊन थबकला, आत डोकावला आणि मागे वळला. पहारेकऱ्यांनी त्याला हाक मारली, ‘अरे, तिकीट नाही. पिशवी इथे भिंतीला ठेव आणि बघून ये.’ मुलगा आत आला, सगळ्या भिंतींवरून फिरला आणि चार मिनिटांत निघून गेला. अभिप्रायवहीत त्याने काही लिहिले नाही, आणि लिहावे असे मी सुचवलेही नाही. सात दिवसांत अशी हाक मी किमान वीस वेळा ऐकली. कोणत्याही सूचनाफलकावर ‘प्रवेश विनामूल्य’ लिहिल्याने हे काम होत नाही, कारण ज्याला आत यावे की नाही याची शंका असते तो फलक वाचून धीट होत नाही, माणसाच्या तोंडून ऐकूनच होतो.

गुरुवारी त्यांनी ताईला आणखी एक गोष्ट सांगितली. दारापासून तिसऱ्या चित्रापाशी लोक थांबतात, पण ते चित्रासाठी नसून वातानुकूलन यंत्राचा वारा तिथे लागतो म्हणून. तेव्हा तुम्हाला जे विकायचे आहे ते तिथे लावा. ताईला आधी राग आला, मग हसू आले, आणि तिने चित्रांची अदलाबदल केली. त्या जागी लावलेले चित्रही विकले गेले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पण त्यापुढे लोक जास्त वेळ उभे राहिले हे खरे.

कार्यालयातली मंडळी अबोल वाटली, पण जे सांगितले ते स्पष्ट सांगितले आणि दोनदा वेगवेगळे सांगितले नाही. इथे अर्ज केल्यापासून तारीख मिळेपर्यंत काही वर्षे जातात, हे चित्रकारांत सर्वांना ठाऊक आहे. एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेला प्रत्येक जण आपला आठवडा हा आयुष्यातला सोहळा समजून येतो, आणि कार्यालयातल्या माणसाच्या दृष्टीने तो वर्षातल्या बावन्न आठवड्यांपैकी एक असतो. त्या दोहोंतले अंतर ते लोक सौजन्याने सांभाळत होते.

हे सगळे मला इतके ठळक दिसले, त्याला एक कारण आहे. तीन वर्षांपूर्वी याच पाच जणींचे प्रदर्शन आमच्या भागातल्या एका सार्वजनिक कलादालनात झाले होते. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दिले तर बोलणी तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला बसतील. इमारत नवी होती, भिंती जहांगीरपेक्षा उंच होत्या, उद्घाटनाच्या फरशीवर मान्यवरांची मोठी यादी कोरलेली होती. पण किल्ली ज्याच्याकडे होती तो लग्नाला गेला होता, आम्ही दीड तास पायरीवर बसलो. आत गेल्यावर कोणत्या बटणाने कोणता दिवा लागतो हे तिथल्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हते, कारण तिघेही कंत्राटावर महिनाभरापूर्वीच आलेले होते. भिंतीला खिळा मारायचा नाही असा नियम होता, पण चित्रे टांगायला पट्टीही नव्हती. शेवटी आम्ही ती खुर्च्यांवर टेकवून मांडली. दुसऱ्या दिवशी एका चित्राची काच तडकलेली दिसली, तेव्हा रात्री दालन कोणाच्या ताब्यात होते हे कोणालाच सांगता आले नाही. रखवालदार बिचारा वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला स्वतःच्या डब्यातली चटणी-भाकरी दिली. पण अकरा महिन्यांनी आपण इथे नसणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दिव्यांची बटणे कशासाठी पाठ करावीत? दालन बांधायला निधी मिळतो; ते सांभाळणारी माणसे टिकवायला तरतूद नसते, आणि मग भिंती आहेत पण दालन नाही अशी अवस्था होते.

आमच्याकडूनही एक चूक झाली. आमच्या प्रदर्शनाच्या छापील पुस्तिकेत प्रमुख पाहुण्यांचे, प्रायोजकांचे, छायाचित्रकाराचे, अगदी छापखान्याचेही आभार होते. मामांचे नव्हते, कारण पुस्तिका छापली तेव्हा त्यांचे नाव आम्हाला माहीतच नव्हते. प्रदर्शन संपेपर्यंतही, मामा यापलीकडे, आम्ही विचारले नव्हते. शेवटच्या दिवशी ताईने पुस्तिकेच्या एका प्रतीवर पेनाने त्यांचे आणि भाच्याचे पूर्ण नाव लिहून ती त्यांना दिली. त्यांनी ती घडी करून हत्यारांच्या डब्यात, स्क्रूंच्या कप्प्यात ठेवली.

सोमवारी सात वाजता चित्रे उतरवायला सुरुवात झाली. अडतीसपैकी दोन चित्रांना लाल टिकल्या लागल्या होत्या आणि ती त्या संध्याकाळी घेऊन जाणारे लोक येऊन उभे होते. पहारेकऱ्यांनी माझ्याकडची यादी मागितली, दोन विकलेली चित्रे यादीशी ताडून पाहिली, घेणाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि मग बाकीची छत्तीस एकेक करून बाहेर मोजली. पस्तीस झाली. दहा मिनिटे सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. मग मामांचा भाचा दाराच्या फळीमागे गेला आणि तिथे बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभे केलेले, ताईने गुरुवारी वाऱ्याच्या जागेवरून काढलेले नव्हे, तर तिथे नेऊन लावलेले तेच चित्र घेऊन आला.

जहांगीरमध्ये प्रदर्शन लावू इच्छिणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. फ्रेमांचे डोळे स्क्रूने बसवलेले आहेत की नाही हे गावीच उलटे करून पाहा. चित्रांची यादी क्रमांक व मापांसह तीन प्रतींत आणा. एक दाराशी, एक टेबलावर, एक स्वतःजवळ. चित्रे टांगणाऱ्यांचा रोज आणि उतरवण्याच्या दिवसाचे पैसे आधीच ठरवा, कारण सोमवारी संध्याकाळी सगळे दमलेले असतात आणि तेव्हा घासाघीस करणे शोभत नाही. आणि पुस्तिका छापायला टाकण्यापूर्वी एक फोन करून त्यांची नावे विचारून घ्या.