चेहऱ्यावरचे भाव उलगडणारा ऑनलाइन अभ्यासक्रम
ॲनिमेशनमधील पात्रांचे भाव प्रेक्षकांना कसे उमगतात, हे शिकवणारा हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला आणि शिकाऊ ॲनिमेटरने तो जरूर करावा, असे माझे मत आहे. मानसशास्त्रज्ञ एकमन आणि फ्रीझन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार चेहऱ्याची एकेक हालचाल सुटी करून दाखवणारा भाग सर्वांत सरस आहे: ओठांचे कोपरे वर गेले, पण गाल उचलले जाऊन डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या नाहीत, तर तेच हसू उसने वाटू लागते, हे पडद्यावरील मॉडेल स्वतः हलवून पाहताना मी थक्क झाले. आवाजाचा धडा जेमतेम आहे. आश्चर्य आणि भीती यांतली गल्लतही घाईत उरकली आहे, याची मात्र खंत वाटते. डोळे दोन्हींत विस्फारतात, पण भीतीत भुवया जवळ ओढल्या जातात आणि ओठ आडवे ताणले जातात.