टेलर स्विफ्टचा 'फिअरलेस' : आठ महिने ऐकल्यानंतर

आधी एक गोंधळ मिटवू. 'फिअरलेस' नावाचे तीन अल्बम आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करून वाद घालत बसतात. पहिला ११ नोव्हेंबर २००८ चा, १३ गाण्यांचा मूळ अल्बम. दुसरी ऑक्टोबर २००९ ची 'प्लॅटिनम एडिशन', १९ गाण्यांची. तिसरी ९ एप्रिल २०२१ ची 'टेलर्स व्हर्जन', सगळं पुन्हा गाऊन-वाजवून केलेली, २६ गाण्यांची. इथलं बोलणं मुख्यतः पहिल्याबद्दल आहे, कारण कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं लोकप्रिय संगीत) गाणारी एक अठरा वर्षांची मुलगी कारकिर्दीतल्या दुसऱ्या अल्बममध्ये किती पुढे सरकली ते फक्त त्यातच नीट ऐकू येतं. बाकी दोन्हींचा हिशेब पुढे.

अल्बम गाजला का, हे विचारण्यात आता अर्थ नाही. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ५,९२,००० प्रती गेल्या, बिलबोर्डच्या यादीत ११ आठवडे पहिला क्रमांक राहिला आणि २०१० च्या ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर' आणि 'बेस्ट कंट्री अल्बम' दोन्ही मिळाले. आज विचारण्यासारखं एवढंच, की आठ महिने मागे लागल्यावर तो टिकतो का. टिकतो, पण गळ्यावर नाही. लिखाणावर टिकतो, आणि त्यातही ध्रुवपदाच्या शेवटच्या फेरीवर.

आकडे बघा. २००६ च्या पहिल्या अल्बममधल्या ११ गाण्यांपैकी तीन तिने एकटीने लिहिली होती. इथे १३ पैकी सात : 'फिफ्टीन', 'लव्ह स्टोरी', 'हे स्टीफन', 'यू आर नॉट सॉरी', 'फॉरेव्हर अँड ऑल्वेज', 'द बेस्ट डे' आणि 'चेंज'. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये दोघा-तिघांनी वेळ ठरवून एका खोलीत बसून गाणं लिहायची रीत आहे. मोठे मोठे गायकही त्याच रीतीने चालतात. तिथे अठराव्या वर्षी निम्म्याहून जास्त गाणी एकटीच्या नावावर असणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. शिवाय नेथन चॅपमनच्या जोडीला निर्माती म्हणून तिचं नाव पहिल्यांदा याच अल्बमवर लागलं. चॅपमन पहिल्या अल्बमपासूनचा, त्यामुळे वाद्यमेळाची जात तीच राहिली. फरक पडलाय तो गाण्याच्या सांगाड्यात.

आपल्या भावगीतात ध्रुवपद शब्दाला शब्द तेच परत येतं आणि अंतऱ्यामुळे त्याला नवा अर्थ चढतो. कंट्रीत आणखी एक जुनी खोड आहे : शेवटच्या फेरीत ध्रुवपदाचेच दोन-तीन शब्द बदलायचे. पहिल्या अल्बममधल्या 'अवर साँग'च्या शेवटी तिने हा खेळ करून पाहिला होता. या अल्बममध्ये त्याचा हात बसलाय.

सगळ्यात चांगला नमुना 'व्हाइट हॉर्स'. गीतकार लिझ रोझच्या साथीने लिहिलेलं, गिटार, पियानो आणि चेलो यांच्यावर बेतलेलं, संथ. पहिल्या ध्रुवपदात ती म्हणते, मी कुणी राजकन्या नाही, 'हे' एक छोटं गाव आहे. शेवटी येताना 'हे' जग मोठं झालेलं असतं आणि गाव 'ते' झालेलं असतं, गाडीच्या आरशात मागे मागे जाणारं. 'राजकन्या' आता 'तुझी राजकन्या' झालेली असते, अर्थात नकारार्थीच. एका दर्शक सर्वनामात मुलगी गाव सोडून निघाली. दोन-चारदा ऐकताना हे निसटतं, कारण चाल जराही हलत नाही. एकदा कानात बसलं की त्या 'ते'ची वाट बघायची सवय लागते. या गाण्याला 'बेस्ट कंट्री साँग'चं ग्रॅमी मिळालं, ते योग्य जागी गेलं.

'लव्ह स्टोरी'त शब्दांबरोबर पट्टीही बदलते. गाणं पांढरी दोनमध्ये चालतं. दोन ध्रुवपदं मुलगी रोमिओला उद्देशून म्हणते. शेवटच्या फेरीला गाणं एक पूर्ण स्वर वर, पांढरी तीनमध्ये जातं आणि त्याच क्षणी बोलणारा बदलतो : आता रोमिओ बोलतोय, लग्नाचं विचारतोय. पट्टी चढवणं ही पॉपमधली सगळ्यात स्वस्त युक्ती. गाण्याचा जीव संपला की चढवतात. इथे ती कथेत काम करते. शेक्सपिअरची शोकांतिका सुखान्त करून टाकल्याबद्दल आणि मध्येच हॉथॉर्नच्या कादंबरीतलं 'स्कार्लेट लेटर' आणून बसवल्याबद्दल नाक मुरडणारे बरोबरच आहेत. तो उल्लेख शाळेच्या वाचनातून उचलून यमकासाठी लावल्यासारखा वाटतो, आणि दहाव्यांदाही तसाच वाटतो.

'द बेस्ट डे' आईसाठी लिहिलेलं. वय पाच, मग तेरा, असं सरकत जातं. पाच वर्षांची मुलगी सुरुवातीला सांगते की पानगळीत झाडांचे रंग का बदलतात ते तिला माहीत नाही. शेवटी म्हणते, आता कळतं. दरम्यान झाडांबद्दल एक अक्षर नाही. अल्बममधलं सगळ्यात खासगी गाणं हेच आणि वाद्यं सगळ्यात कमी याच्यातच; फोनच्या स्पीकरवरही काही हरवत नाही. इंग्रजी गाणी न ऐकणाऱ्या घरातल्या माणसाला एकच ऐकवायचं असेल तर हे ऐकवा.

गाण्यांचा क्रमही मुद्दाम लावलेला आहे. 'फिफ्टीन' दुसरं : पंधराव्या वर्षी जे 'आय लव्ह यू' म्हणतील त्यांच्यावर विश्वास बसतो, हे जाणत्या आवाजात. लगेच तिसरं 'लव्ह स्टोरी', नेमका तोच विश्वास बसलेल्या मुलीचं. पाचवं 'व्हाइट हॉर्स', त्या परीकथेचं विसर्जन. तीन दिवस सलग हे याच क्रमाने ऐकलं तर गाणारी भोळी आणि लिहिणारी सावध आहे हे लक्षात येतं. शफल चालू असेल तर हे सगळं वाया. फोनवर सगळ्यात आधी शफल बंद करा.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

आवाज. २००८ चा गळा वरच्या स्वरांना पातळ पडतो, ओळीच्या शेवटी श्वास संपलेला कळतो, आणि 'यू आर नॉट सॉरी'सारख्या गाण्यात जिथे छातीतून आवाज हवा तिथे तो नाकातून येतो. ज्या रात्री हा अल्बम ग्रॅमी घेऊन गेला, ३१ जानेवारी २०१० ला, त्याच मंचावर ज्येष्ठ रॉक गायिका स्टीव्ही निक्सबरोबर गाताना तिचा सूर ढळला आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. 'फिफ्टीन' आणि 'द बेस्ट डे' यांना हा कोवळेपणा शोभतो. 'चेंज'ला नाही, त्या ढोल-ढमाक्यावर स्वार व्हायला हा आवाज पुरत नाही.

दुसरी तक्रार मधल्या पट्ट्याची. सातव्यापासून अकराव्यापर्यंत सलग पाच गाणी दुरावण्याची आहेत. 'ब्रीद'मध्ये गायिका कोल्बी कॅले साथीला असून तिचं वेगळं अस्तित्व जाणवत नाही. 'टेल मी व्हाय'ची फिडलवरची सुरुवात झकास, पुढे गाणं सामान्य. 'द वे आय लव्ह्ड यू' कंट्री गायक-गीतकार जॉन रिचबरोबर लिहिलेलं, गिटारांची भिंत उभी केलेलं. दुसऱ्या महिन्यानंतर ते पुढे ढकलायची सवय लागते. 'फॉरेव्हर अँड ऑल्वेज' अगदी शेवटच्या घटकेला अल्बममध्ये घुसवलेलं आणि तसंच घाईत, रागात गायलेलं. पाचांतलं तेवढंच टिकाऊ.

तिसरी, पाऊस. शीर्षकगीतात वादळात नाच, 'हे स्टीफन'मध्ये पाऊस, 'द वे आय लव्ह्ड यू'मध्ये पावसात चुंबन, 'फॉरेव्हर अँड ऑल्वेज'मध्ये खोलीतही पाऊस, आणि प्लॅटिनममध्ये तर 'कम इन विथ द रेन' नावाचंच गाणं. इतका पाऊस कोकणातल्या कवितासंग्रहातही शोभला नसता. राजकन्या आणि पोशाख यांचंही तसंच. अठराव्या वर्षीचा शब्दसंग्रह म्हणून सोडून द्यायचं. 'यू बिलाँग विथ मी'मधल्या 'दुसऱ्या' मुलीला मात्र सोडवत नाही : तिचा गुन्हा एवढाच, की ती आखूड स्कर्ट घालते.

आता कोणता घ्यावा.

प्लॅटिनममध्ये जादा सहा गाणी मागे नव्हे, पुढे लावली आहेत. त्यामुळे शीर्षकगीत सातवं होतं आणि वर सांगितलेला सगळा क्रम सहा गाण्यांच्या पलीकडे ढकलला जातो. उपाय सोपा : सातव्यापासून सुरुवात करून शेवटपर्यंत जा, मग पहिली सहा. त्या सहांत 'फॉरेव्हर अँड ऑल्वेज'चं पियानोवरचं रूप ठेवण्यासारखं आहे. मूळ गाण्यातला राग उतरल्यावर मागे जे राहतं ते त्यात आहे. 'अनटचेबल' लुना हेलो या रॉक बँडच्या गाण्यावरून केलेलं, नुसतं 'कव्हर' म्हणता येणार नाही इतकं बदललेलं.

'टेलर्स व्हर्जन'मध्ये क्रिस्टोफर रो जोडीला निर्माता. मूळची चाल, वेग, वाद्यांच्या जागा जवळजवळ तशाच. बदललाय तो गळा : एकतीस वर्षांचा, भरलेला, श्वासावर ताबा असलेला. अक्षरांवरचा दक्षिणी हेल बराच उतरलाय. 'यू आर नॉट सॉरी' आणि 'चेंज' इथे निःसंशय सरस. ज्या गाण्यांना आवाज कमी पडत होता त्यांना तो मिळाला. उलट 'फिफ्टीन'मध्ये मूळचं अंतर फक्त दोन-तीन वर्षांचं होतं, कालच संपलेल्या गोष्टीबद्दल शहाणपण सांगायचा तो किंचित आव होता. एकतीसाव्या वर्षी ते शहाणपण खरं झालं आणि गाण्यातली गंमत गेली. तेव्हा बाजूला राहिलेल्या आणि आता पेटीतून काढलेल्या सहा गाण्यांत 'मिस्टर परफेक्टली फाइन' सोडलं तर बाकीची १३ मध्ये का आली नसतील ते ऐकताना समजतं.

दोन्ही ताडून पाहताना होणारी चूक : जो मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो. ॲपमधली आवाज समपातळीवर आणणारी सोय आधी चालू करा, फोनचा इक्वलायझर बंद करा, आणि एकेका गाण्याचा फक्त पहिला अंतरा आणि शेवटची फेरी पाठोपाठ ऐका. फोनच्या स्पीकरवर हे करू नका. 'यू बिलाँग विथ मी'च्या ध्रुवपदात बँजो इलेक्ट्रिक गिटारींखाली जातो, तो साध्या वायरच्या इअरफोनवरही सापडतो पण फोनवर नाही. आणि तुमच्या यादीत बँजोच नसलेली 'लव्ह स्टोरी' आली, तर ती पॉप रेडिओसाठी केलेली आवृत्ती समजा. ती या अल्बमच्या विचाराला उपयोगाची नाही.

मूळ अल्बम ऐकणं म्हणजे तिच्याशी बेइमानी, असा एक वाद चाहत्यांत होता, कारण २०१९ मध्ये तिच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीबरोबर मूळ मुद्रणांचे हक्कही विकले गेले होते आणि म्हणूनच तिने गाणी पुन्हा गायली होती. मे २०२५ मध्ये ते हक्क तिने स्वतःच विकत घेतले. आता निवांत मनाने ऐका.

जुनी सीडी मिळाली तर सोडू नका, पुस्तिकेसाठी. गाण्यांचे शब्द लहान लिपीत छापलेत, त्यात मध्येच कुठे मोठं अक्षर. ती मोठी अक्षरं क्रमाने उतरवली की प्रत्येक गाण्याखाली दडवलेलं एक वाक्य निघतं. 'फिफ्टीन'चं असं, की हे मुद्रित करताना मी रडले. 'लव्ह स्टोरी'चं, की हे मला कधीतरी सापडेल. 'द बेस्ट डे'त आईचं नाव. पेन्सिलच वापरा, आणि चष्मा लावून. एखादं अक्षर सुटलं की वाक्य जुळत नाही.

गिटारवाल्यांसाठी. शीर्षकगीत आणि 'यू बिलाँग विथ मी' यांची कॉर्डची साखळी एकच आहे. डी, ए, ई मायनर, जी हे चार आकार धरा. कॅपो तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) लावला की पहिलं, चौथ्यावर लावला की दुसरं. हे कळल्यावर अल्बमबद्दलचा आदर थोडा कमी होतो, पण सराव निम्म्यावर येतो. 'लव्ह स्टोरी'ला कॅपो दुसऱ्या पडद्यावर, ध्रुवपदाला सी, जी, ए मायनर, एफ, मेट्रोनोम ११९ च्या आसपास. शेवटच्या फेरीला कॅपो हलवायला वेळच नसतो आणि नवखे तिथेच अडकतात. कॅपो तिथेच राहू द्या, आकार बदला : डी, ए, बी मायनर, जी. एफचा बार जमत नसेल तर एफ मेजर सेव्हन, बी मायनर जमत नसेल तर बी मायनर सेव्हन. या चालीत दोन्ही खपून जातात. गाणाऱ्याचा गळा वर पुरत नसेल तर कॅपो काढूनच टाका. मग गाणं पांढरी एकला सुरू होतं आणि पांढरी दोनला संपतं, हाताचे आकार मात्र तेच राहतात.