केबल काढली त्याला आठ महिने झाले

जानेवारीत केबलवाल्याला सेट-टॉप बॉक्स परत केला तेव्हा हिशेब सोपा वाटला होता. २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम आले तेव्हा जोडणीचे १३० रुपये, त्यावर जीएसटी, वर आवडीच्या वाहिन्यांचे वेगळे, असं सुरू झालं होतं. बिल काही कमी झालं नाही. घरात ब्रॉडबँड होतंच, म्हटलं टीव्ही इंटरनेटवरच बघू, हे पैसे वाचतील. वाचले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. क्रिकेटला एक ॲप, आईच्या मालिकांना दुसरं, मुलीला तिसरं. गोळाबेरीज तीच.

चित्र मात्र झकास. एचडी चित्राला इंटरनेटचा ५ एमबीपीएस वेग पुरतो, आमची लाइन ५० ची. वेग पडला तर चित्र थोडं धुरकट होतं आणि सावरतं. खरा शत्रू जेसीबी. जुलैत पुण्यात कर्वेनगरात आमच्या गल्लीत रस्ता खणला, फायबर तुटली आणि तीन दिवस टीव्ही नुसता भिंतीवर. फोन केला की "आज संध्याकाळपर्यंत होऊन जाईल सर." कोणती संध्याकाळ, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. (राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर वीज गेल्यावर दिवे चालू आणि इंटरनेट बंद, अशी गंमत होते.)

क्रिकेटचं दुखणं वेगळंच. ९ मार्च २०२५, चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना. आमच्याकडे जडेजा अजून चेंडूची वाट बघत उभा, आणि वरच्या मजल्यावर, जिथे केबल आहे, आरडाओरडा सुरू. पाठोपाठ खाली फटाके. आमचा विजयी चौकार त्यानंतर आला. इंटरनेटवर सामना काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि ॲप दोन-चार तुकडे हाताशी साठवून मगच दाखवायला लागतं. वेग वाढवून हे जात नाही, मी १०० चा प्लॅन महिनाभर घेऊन बघितला. आता सामना असला की गॅलरीचं दार लावून घेतो.

पण अनंत चतुर्दशीला सगळं वसूल झालं. गुडघ्यांमुळे आई चार वर्षं लक्ष्मी रोडला गेलेली नाही. यंदा यूट्यूबवर एका चौकातला कॅमेरा लावून दिला. निवेदक नाही, स्टुडिओतली चर्चा नाही, नुसतं ढोल-ताशा. कसबा गणपती आला तशी ती खुर्चीतून उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीही मिरवणूक चालूच होती, आणि आईही. टीव्हीच्या वाहिन्या मिरवणूक दाखवतात, पण मध्येच स्टुडिओत परततात.

याच यूट्यूबनं एका मंगळवारी आरतीच्या ऐन मध्यात पर्सनल लोनची जाहिरात घुसवली. हात जोडलेले तसेच ठेवून आई म्हणाली, "स्किप कर रे आधी."

तिची खरी तक्रार मला उशिरा कळली. ॲप उघडलं की ती पोस्टरांकडे बघत बसायची आणि रिमोट ठेवून द्यायची. मला वाटलं, वापरता येत नाही. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, बोलून शोधायलाही शिकवलं. ते तिला जमतं. शेवटी म्हणाली, "अरे, मला काही शोधायचं नाहीये. काय लागलंय ते बघायचंय." आठ महिन्यांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. केबलवर अर्धी मालिका लागलेली असायची, भाजी निवडता निवडता ती बघायची, आवडली नाही तर पुढचं बटण. इथे प्रत्येक गोष्ट आपण ठरवून लावायची. दिवसभर घरातलं सगळं ठरवणाऱ्या बाईला संध्याकाळी तेवढं तरी ठरवायचं नव्हतं.

म्हणून गेल्या आठवड्यात डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, छत्री आणली. बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याला काही नाही. ॲप्सपैकी दोन ठेवली, एक बंद केलं. सात वाजता सह्याद्रीच्या बातम्या आपोआप लागतात. लहानपणी बाबा गच्चीवर चढून अँटेना सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे वळवायचे, आम्ही खालून "आलं, आलं, गेलं" ओरडायचो. बसवायला आलेल्या मुलानं छत्री आग्नेयेकडे केली, तर आई म्हणाली, "अरे, सिंहगड तिकडे आहे."