टिळकवाडीतलं गटिंगचं दुकान : मशीन पक्कं, गाठी कच्च्या

टेनिसमध्ये आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एम-१५ या पुरुषांच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या व्यावसायिक स्पर्धेत मुख्य फेरीची पहिलीच मॅच हरली तर एकेरीत १५६ डॉलर मिळतात, पात्रता फेरीत हरलं तर दमडीही नाही. एवढ्यात आठवडा काढणाऱ्याला गटिंगचा, म्हणजे रॅकेटमध्ये तारा (गट) ओवून ताणून घेण्याचा, खर्च टळत नाही. त्यासाठी आता पुण्याला रॅकेट पाठवायला नको, इतपत काम बेळगावातलं हे छोटं दुकान करतं.

मशीन इलेक्ट्रॉनिक, कॉन्स्टंट पुल. हाताने फिरवायचं क्रँकचं मशीन ठरलेल्या ताणाला लॉक होतं आणि गट तिथंच सैलावायला लागतो, म्हणून क्रँकवरचे ५२ पौंड हातात ४९-५० वाटतात. इथं क्लॅम्प (तार धरून ठेवणारा चिमटा) लागेपर्यंत ओढ कायम राहते. एकाच दिवशी केलेल्या दोन रॅकेट तळव्यावर आपटून बघा, आवाज सारखाच येतो.

घोळ होतो तो गाठीपाशी. क्लॅम्प सोडला की गाठ थोडी आत सरकते, त्यामुळे शेवटच्या ओढीला चार-पाच पौंड जादा लावावे लागतात. ते इथं सांगितल्याशिवाय होत नाही. वेळ वाचवायला एकाच तुकड्यात गट टाकायची सवयही आहे. उभ्या तारा गळ्याशी (मुठीकडच्या बाजूला) संपणाऱ्या फ्रेमवर मग आडव्या तारा खालून वर जातात, आणि बहुतेक कंपन्या वरून खाली सांगतात. ‘दोन तुकडे, चार गाठी’ असं चिठ्ठीवर लिहूनच द्या.

तडकलेले ग्रोमेटही (फ्रेमच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या) न बघता तसेच ठेवतात. गट मधोमध तुटला तर तो झिजलेला असतो. फ्रेमच्या कडेला तुटला आणि मिसहिट (बॉल भलत्याच जागी लागलेला फटका) नव्हता, तर आधी ग्रोमेट तपासा.

मजुरी ३०० रुपये, गट आपला. २०० मीटरच्या रीलमध्ये १२ मीटरप्रमाणे सोळा रॅकेट होतात; सुटे सेट घेणं महागात पडतं. आपल्याकडच्या पावसात नॅचरल गटच्या (जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या) नादी लागू नका, दमट हवेत तो फुगतो आणि उसवतो.

ताण किती? बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, हवा विरळ, बॉल जरा लांब जातो. समुद्रकाठच्या चेन्नईत ५० पौंडांवर खेळणाऱ्याने इथं ५१-५२ सांगावं. धारवाडलाही, जिथं २०२३ मध्ये एम-२५ ही आयटीएफचीच वरच्या पातळीची स्पर्धा झाली, हाच आकडा चालतो. पॉली (पॉलिएस्टरचा गट) पहिल्याच दिवशी दहाएक टक्के उतरतो, तेव्हा रॅकेट मॅचच्या आदल्या दिवशी करून घ्या, चार दिवस आधी नको.

रविवारी दुकान बंद, आणि पात्रता फेरी बहुधा रविवारी-सोमवारीच लागते. शनिवारी दुपारी टाका. तेव्हा मशीनवर मालक स्वतः असतात. संध्याकाळी पोरगा बसतो.